सावरघाटची बोलणी

घाटावर उभं राहिलं की पारुबाईला माहेर दिसायचं. पैनगंगेच्या पल्याड, बाभळींच्या वर मारुतीच्या देवळाचा कळस, आणि त्याच्या डाव्या अंगाला घराघरांतून उठणारा चुलीचा धूर. हाक मारली तर पोचावी इतकं जवळ. पण मधून नदी वाहत होती, आणि त्या नदीच्या दोन्ही काठांवर दोन सरकारं बसली होती. पल्याड वऱ्हाड, तिथं इंग्रजाचा कारभार. अल्याड निजामाचं राज्य. सावरघाटला करोडगिरीचा नाका होता, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणारी चौकी. रस्त्यावर आडवा वासा टाकलेला असायचा. तो वासा उचलायचं आणि टाकायचं काम पारुबाईच्या नवऱ्याकडं होतं. संतराम नाक्यावर शिपाई होता.

नाक्याच्या मागंच त्यांचं दोन खणांचं घर. लेकरूबाळ नव्हतं. संतराम कमी बोलणारा, हुकमाला पक्का. पण मनानं नरम. वासा टाकताना म्हाताऱ्या माणसाला म्हणायचा, "तकलीफ माफ करा, बाबा. सरकारचा वासा हाय, माझा न्हाई."

पारुबाईच्या माहेरगावी ग्यानबा सणगर होता. घोंगड्या विणायचा. गावच्या नात्यानं पारुबाईचा भाऊ. पावसाळा सरला, नदीचं पाणी छातीपर्यंत उतरलं, की तो घोंगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन उतारानं, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेनं, अल्याड यायचा आणि पुसेगाव करत पार जवळा बाजारपर्यंत जायचा. नाक्यावर जकात भरायचा, मग पारुबाईच्या ओट्यावर टेकायचा. आईचा निरोप, भावजयीची तक्रार, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली, सगळं सांगायचा. जाताना दर खेपेला एकच गाऱ्हाणं.

"पारुबाय, घोंगडीत माझं काय ऱ्हातं सांगू? लोकर मेंढीची, मेहनत भिकीची, आन् नफा तुझ्या नवऱ्याच्या नाक्याचा."

भिकी म्हणजे त्याची बायको, भिकाबाई. लोकर पिंजणं, कातणं तिच्याकडं. ती कधी अल्याड यायची नाही. पाण्याला भ्यायची.

एकोणीसशे छत्तीस-सदतीसचा सुमार असेल. मार्गशीर्षात बातमी आली, की दोन्ही सरकारांचे मोठे साहेब सावरघाटला येणार आहेत. सरहद्दीवरच्या गावांना एकमेकांच्या मालावर सवलत द्यायची, त्याची बोलणी करायची आहेत. आमच्या सरकीला तुम्ही निम्मी जकात लावा, तुमच्या गुळाला आम्ही निम्मी लावू, असा काही तो व्यवहार. आणि गावात हातानं बनणारा माल, म्हणजे मडकी, टोपल्या, दोर, त्याला अजिबात माफी द्यायची, असं बोललं जात होतं.

तंबू अल्याड पडले. आधी त्यावरूनच खल झाला. पल्याडच्या साहेबाचं म्हणणं, पाहुणे म्हणून आम्ही का यावं. अल्याडच्या साहेबाचं म्हणणं, बोलावणं आमचं आहे. शेवटी एक बैठक इकडं, एक तिकडं असं ठरलं, आणि तिकडची जागा ओली निघाली म्हणून सगळ्या बैठका इकडंच झाल्या. एक साहेब उर्दूत बोलायचा, दुसरा इंग्रजीत. मधे बंडोपंत पेशकार बसायचे. हिंगोलीचे, तोंडानं गोड, दोन्ही भाषा जाणणारे. आसपासच्या गावांचे पाटील ऐकायला बसलेले असायचे, त्यांच्यासाठी ते प्रत्येक गोष्ट मराठीतही सांगायचे. ताक आणि भाकरी पुरवायचं काम पारुबाईवर आलं होतं, त्यामुळं तिच्याही कानावर सगळं पडायचं.

दोन्ही काठांवर माणसं जमली होती. कुंभार, बुरूड, दोर वळणारे. आणि पल्याड, पाण्याच्या अगदी कडेला, गठ्ठ्यावर बसलेला ग्यानबा. पारुबाई घागर घेऊन घाटावर आली की तो ओरडून विचारायचा, "पारुबाय, झाली का बोलनी?"

"न्हाई अजून. चाललीत."

बोलणी अडली ती नेमकी घोंगडीवर. घोंगडी हे कापड की अंथरूण? कापड म्हटलं तर गिरणीच्या लोकरी मालाबरोबर जकात लागणार. अंथरूण म्हटलं तर गावचा माल, माफ. दोन्ही साहेबांनी घोंगडी कधी जवळून पाहिलेली नव्हती. बंडोपंतांनी पारुबाईला सांगितलं, तशी तिनं घरातली नवी, ग्यानबानंच विणलेली घोंगडी आणून मेजावर ठेवली. एका साहेबानं ती चिमटीत धरून पाहिली. दुसऱ्यानं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. चिंचोक्याच्या खळीचा वास होता तो, नव्या घोंगडीला येतोच. पुढं ताक देताना पारुबाई पाहत होती. घोंगडी तशीच मेजावर, आणि तिच्यावर कागद ठेवलेले.

शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या आधी, बंडोपंतांनी पाटलांकडं वळून मराठीत सांगितलं, "घोंगडी गावच्या मालात धरली. दोन्ही बाजूंना जकात माफ. एकमत झालं." मग ते पुढं काहीतरी सांगू लागले, वरच्या सरकारांच्या सह्यांबद्दल. ते ऐकायला पारुबाई थांबलीच नाही. ताकाचं भांडं तिथंच ठेवून ती घाटाकडं निघाली. आपल्या माहेरचं काम झालं होतं, आणि ते सगळ्यांच्या आधी आपल्याला कळलं होतं. पायांत वारं शिरल्यासारखी ती उतरली.

"ग्यानबादादा," तिनं हाक दिली, "ये. झाली बोलनी. माफ झालं. ये."

ग्यानबा उठला. गठ्ठा पाठीशी बांधून त्याची गाठ छातीवर मारली, एक लहान गठ्ठा डोक्यावर घेतला आणि पाण्यात शिरला. तो हसत होता. इतक्या लांबूनही पारुबाईला ते दिसलं.

संतराम त्या वेळी वाशापाशी होता. त्याला सकाळीच नाकेदारानं बजावलं होतं, की सह्या होऊन येईस्तोवर पल्याडची काडीसुद्धा अल्याड यायला नको. साहेबांच्या डोळ्यांदेखत कुणी आलं तर माल जप्त आणि माणूस हिंगोलीच्या कोठडीत. त्यानं ग्यानबाला पाण्यात पाहिलं, तंबूकडं पाहिलं, आणि जीव तोडून ओरडला, "थांब. ग्यानबा, मागं फिर. थांब."

ग्यानबा नदीच्या मध्यावर होता. त्यानं संतरामकडं पाहिलं, मग पारुबाईकडं. ती हात हलवून बोलावत होती. स्वतःच्याच हाकेत तिला मागची संतरामची हाक ऐकू गेली नाही; तिला वाटलं, तो पाण्याला भिऊन थबकला. ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "ये, ये." संतराम म्हणाला, "थांब." ग्यानबा एक पाऊल पुढं आला, मग एक मागं गेला. मग उभाच राहिला. उतारावर चालत राहिलं तर पाय टिकतो. उभं राहिलं की पाणी पायाखालची वाळू काढून घेतं. पाठीवरच्या घोंगड्या तोवर पाणी पीत होत्या. लोकर भिजली की दगडासारखी जड होते. तो उताराच्या खालच्या अंगाला, डोहाकडं कलला. डोक्यावरचा गठ्ठा सुटून तरंगत गेला. पाठीवरचा सुटला नाही.

संतरामनं पागोटं फेकून उडी घेतली. त्यानं ग्यानबाला गाठलंही. पण छातीवरची गाठ भिजून अशी आवळली होती, की बोटांना ती सुटेना. दातांनी ओढली, तरी सुटेना. त्याला वर काढलं तेव्हा ग्यानबा गेलेला होता.

त्याला नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावर ठेवलं, कारण तेच जवळ होतं. आणि मग नवाच पेच पडला. मयत कुणाच्या हद्दीतला? बेट कुणाचं, याचा कागद कुणाकडंच नव्हता. ज्याचं बेट त्यानं पंचनामा करायचा. दोन्ही साहेब काठावर उभे राहून बोलत होते, बंडोपंत मधे उभे राहून इकडचं तिकडं सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बसला. ऊन उतरेपर्यंत ग्यानबा तिथंच पडून होता. त्याच्या एका बाजूला पारुबाई बसली होती, दुसऱ्या बाजूला संतराम. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

अखेर माहेरच्या माणसांनी कुणाला न विचारता त्याला उचललं आणि पल्याड नेलं.

सुतक फिटल्यावर पारुबाई भिकाबाईला भेटायला गेली. भिकाबाई ओसरीवर लोकर पिंजत होती. पारुबाई तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "वयनी, म्या हाक मारली त्याला. म्या ये म्हनले."

भिकाबाईनं मान वर केली नाही. "ठावं हाय," ती म्हणाली. "समद्या गावानं ऐकली तुझी हाक."

"मला काय बोलायचं ते बोल."

"बोलून काय व्हईल? जा तू. अंधार पडंल, पानी वलांडायचं हाय तुला."

सवलत पुढच्या पावसाळ्याआधी मंजूर होऊन आली. नाकेदारानं वाचून दाखवली. तीत घोंगडी होती. गावोगावचे सणगर खूश झाले. ग्यानबाच्या घरी माग थांबलेला. पण घरात विणून ठेवलेला माल होता, आणि पोट होतं. मग पाण्याला भिणारी भिकाबाई एका बाजारच्या दिवशी घोंगड्या डोक्यावर घेऊन उतारानं अल्याड आली. पुढं दिराकडून विणून घेऊन येत राहिली. संतराम तिला लांबून पाहिलं की वासा उचलून धरायचा आणि ती नजरेआड होईपर्यंत खाली टाकायचा नाही. ती त्याच्याकडं पाहायची नाही. पारुबाईच्या ओट्यावर टेकायची नाही.

आणि घरात ओल्या लोकरीचा वास येऊ लागला.

पारुबाईला वाटायचं, तिलाच येतो. घरातली ती घोंगडी तिनं केव्हाच नदीला वाहिली होती. तरी भर उन्हाळ्यात, वारा पडलेल्या दुपारी, भिजल्या लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास दारातून आत यायचा. ती बाहेर यायची, आणि नदीत पाहायची. ग्यानबा उभा असायचा. मध्यावर, डोहाच्या कडेला, डोक्यावर गठ्ठा घेऊन. पाणी घोट्याएवढं असलं तरी त्याच्या छातीपर्यंत भिजल्याची खूण असायची. तो एकदा या काठाकडं पाहायचा, एकदा त्या. त्यात राग नसायचा. रस्ता विचारायला थांबलेला माणूस जसा पाहतो, तसा पाहायचा. पारुबाईचे ओठ हलायचे. पण काय म्हणावं, ये की जा, हे तिला सुचायचं नाही.

ग्यानबा बुडाला त्या दिवसापासून तिनं कुणालाही लांबून हाक मारणं सोडलं. शेजारणीला बोलवायचं तरी तिच्या दारापर्यंत जायची. उतारावर कुणी बाई-माणूस बिचकून उभं दिसलं, की काम टाकून पाण्यात उतरायची, हात धरायची आणि पलीकडं सोडून यायची. लोक म्हणायचे, पारुबाईचा सोभाव मोठा मायेचा.

संतराम बदलला तो वेगळाच. थंडीत घोंगडी पांघरेना. शेकोटी करून बसून राहायचा. गाठ म्हणून मारेना. धोतराचा सोगा नुसता खोचायचा, बैलाचा कासरा खुंटीला अडकवून ठेवायचा. नदीवर आंघोळीला जाणं त्यानं बंद केलं. नवरा-बायकोत भांडण असं कधी झालं नाही. मीठ-भाकरीपुरतं बोलणं होतं. एवढ्या वर्षांत ग्यानबाचं नाव त्या घरात कुणी घेतलं नाही.

मग देशाला स्वातंत्र्य आलं, पण अल्याड आलं नाही. निजामाचं आणि नव्या हिंदुस्थान सरकारचं काय करायचं, माल कसा येणार, कसा जाणार, याची बोलणी दिल्लीला आणि हैदराबादेला चालली आहेत असं लोक बोलत. या खेपेला ती सावरघाटला नव्हती, पण ओझं सावरघाटवरच होतं. तिकडून मीठ येईना, घासलेट येईना. इकडं रझाकारांची धास्ती. पुसेगावकडची, हट्ट्याकडची माणसं लेकरंबाळं, गुरं, जमतील तेवढी ज्वारीची पोती घेऊन वऱ्हाडात निघाली होती.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा वैशाख. नदी आटून गुडघ्याला आली होती. नाक्यावर नवा अंमलदार आला होता. त्यानं संतरामच्या हाती बंदूक दिली. "माणसं गेली तर जाऊ देत. दाणा आणि जनावर पलीकडं जाता कामा नये. आधी हाक दे. थांबले नाहीत तर बार काढ."

दिवस चढल्यावर एक बाई उतारावर आली. नवरा नव्हता सोबत. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं, हाताशी शेळी. तिनं संतरामला पाहिलं, तरी पाण्यात पाय टाकला.

"हाक दे," अंमलदार मागून म्हणाला.

संतरामनं तोंड उघडलं. पारुबाई दारात उभी होती. तिनं त्याचा गळा हलताना पाहिला. आवाज निघाला नाही. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. बाई नदीच्या मध्याकडं चालली होती.

"बहिरा झालास काय? हाक दे."

"न्हाई व्हत, हुजूर," संतराम म्हणाला. "ह्या नदीवर मला हाक देता येत न्हाई."

त्यानं बंदूक नाक्याच्या ओट्यावर ठेवली, कमरेचा सरकारी पट्टा काढून तिच्यावर ठेवला आणि घराकडं चालू लागला. तोवर बाई पल्याड पोचली होती. अंमलदार शिव्या देत हिंगोलीहून माणसं आणायला घोड्यावर बसून गेला. ती माणसं आली म्हणजे काय होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. पारुबाईनं ज्वारीचं पीठ, दोन लुगडी, तवा एवढं फडक्यात घेतलं. "चला," ती म्हणाली. "माह्या माहेरी चला."

तो पाण्याच्या कडेला येऊन उभा राहिला. गुडघाभर पाणी, खाली लख्ख वाळू. त्याचे पाय उचलेनात. पारुबाई परत फिरली, तिनं त्याचा हात धरला आणि त्याला पाण्यात घेतलं. दोघं हळूहळू चालत राहिले. मध्यावर आल्यावर संतरामनं तिचा हात ओढला आणि तिला वरच्या अंगानं वळसा घ्यायला लावला.

"तिथून नगं," तो म्हणाला. "तिथं ग्यानबा हाय."

पारुबाई जागच्या जागी थिजली. ग्यानबा होताच. त्याच ठिकाणी. तिला वाटत होतं, आपल्याशिवाय त्याला कुणी पाहत नाही.

"तुमाला दिसतो?"

"पयल्या सालापासून."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? म्या थांब म्हनलो म्हनून तो थांबला. म्या गप बसलो असतो तर तो आला असता निघून. झाली असती जप्ती, झाली असती कोठडी. मानूस तर ऱ्हाला असता."

"म्या ये म्हनले म्हनून तो निघाला," पारुबाई म्हणाली. "पुरतं ऐकलं बी न्हाई म्या बंडोपंताचं."

दोघं पाण्यात उभे होते. पायाखालची वाळू सरकू लागली तसं तिनं त्याला ओढलं. "चला. हितं उभं ऱ्हाऊ नये."

पल्याड पोचल्यावर पारुबाई भावाकडं गेली नाही. भिजल्या पदरानं ती सरळ भिकाबाईच्या ओसरीवर गेली, आणि संतराम तिच्या मागं अंगणात उभा राहिला. भिकाबाई आता पिकली होती. पारुबाईनं तिला सांगितलं, की ग्यानबा नदीत उभा असतो. आपल्याला दिसतो, यांनाही दिसतो. सांगताना तिला वाटलं, आता ही आपल्याला हाकलून देईल.

भिकाबाईच्या हातातली लोकर खाली पडली.

"कसा दिसतो?"

"तसाच. व्हता तसा."

"थंडी वाजती का त्याला?"

पारुबाईनं संतरामकडं पाहिलं. तो हळूच म्हणाला, "न्हाई, वयनी. कुडकुडताना कदी दिसला न्हाई."

"आन् गठ्ठा?"

"हाय डोक्यावर."

"अजून उतरवला न्हाई," भिकाबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "मला काहून दिसत न्हाई? दर बाजाराला मी त्याच्या अंगावरून जाते. मी त्याची बायको. मला काहून न्हाई?"

भिकाबाईनं उठून संतरामला पाणी दिलं. "बसा," ती म्हणाली. ती त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलली.

भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर निजामाच्या राज्यात शिरलं, आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. सावरघाटच्या नाक्यावरची माणसं आधीच पळाली होती. वासा कुणीतरी गोठ्याला आढं म्हणून नेला. संतरामनं पुन्हा नोकरी धरली नाही. तो आणि पारुबाई अल्याड आपल्या घरी परतले, थोडं रान वाट्यानं करू लागले.

ग्यानबा गेला नाही. पण आता घरात त्याचं नाव निघायचं. कधी संतराम शेतातून येऊन सांगायचा, आज दिसला; कधी पारुबाई सांगायची, आज नाही दिसला.

बाजारच्या दिवशी भिकाबाई यायची आणि घाटाच्या पायरीवर त्या दोघांच्या मधे बसायची. नदीकडं डोळे बारीक करून पाहायची. "कुठं?" म्हणून विचारायची. संतराम बोटानं दाखवायचा. ती त्या रिकाम्या पाण्याकडं पाहत राहायची आणि विचारायची, आज तोंड कुणीकडं हाय, दमल्यावानी दिसतो का, हसतो का. पारुबाई जसं दिसेल तसं सांगायची. ज्या दिवशी काही दिसायचं नाही, त्या दिवशी तसंही सांगायची, आणि मग तिघं तिथंच बसून राहायची, भिकाबाईची पुसेगावला जायची वेळ होईपर्यंत.